बर्चला पानं फुटली की

भिंतींना कान असतात म्हणे.
आमच्या भिंती ठार बहिऱ्या.
सारेमा बेटावरचं चुनखडीचं घर,
मधोमध छताला टेकलेली विटांची भट्टी,
तिच्यापलीकडे काही पोचत नाही;
ना हाक, ना वायफाय.

राउटर सापडला कपाटात.
बाबांनी स्वतः रंधा मारून केलेलं ओकचं दार,
आत बिस्किटांचे पत्र्याचे डबे, त्यांच्या आडोशाला तो,
कारण त्याचे हिरवे दिवे रात्री डोळ्यांवर येतात.
कोंबडं झाकलं तरी उजाडतं, बाबा,
पण हे झाकलं की खरंच उजाडत नाही.
'दिवे विझव,' हेल्दूर म्हणाले, वय एकाहत्तर,
'मग ठेव कुठे ठेवायचा तो.'
दिव्यांवर चिकटपट्टी लावली.

मग वीजबिलाच्या पाठीवर घर काढलं
आणि फोन पुढे धरून चालले,
पाणाड्या काटकी धरून चालतो तशी.
स्वयंपाकघर: दोन कांड्या.
न्हाणीघर: आरसा आलेलं परत पाठवतो.
माडीवर एक, तीही खिडकीला टेकून;
गेल्या साली छताला लावलेलं चंदेरी अस्तर
ऊब आत ठेवतं, बाकीचं बाहेर.
जिन्याची चौथी पायरी: चार.
पुन्हा पाहिलं. चारच.

चौथ्या पायरीवर एक उशी होती.

दोन हिवाळे आई रोज संध्याकाळी जिन्यात बसते,
शाल गुंडाळून, दार लोटून.
आम्हाला वाटायचं रुसलीय,
किंवा गुडघे. मी तार्तूहून लोकरीचे पट्टे पाठवले होते.
ओट्ट मालवाहू जहाजावर; बंदराला लागला की बोलतो,
आणि या घरात त्याचा चेहरा
फक्त तिथेच हलतो.
बाकी कुठेही त्याचे चौकोनी दगड होतात.
का नाही सांगितलंस, विचारलं.
'मला जागा सापडली होती की,' मैमू म्हणाली,
आणि बटाटे सोलत राहिली.

बाहेरचं दुखणं वेगळं.
अंगणाच्या टोकाला साउना, मध्ये पाच बर्च,
साउनामागे मधमाश्यांच्या पेट्या, पेट्यांखाली वजनकाटा.
एप्रिलभर तो तासातासाला घरात आकडा पाठवायचा.
मे संपता संपता गप्प.
बाबांनी सेल बदलले. काटा बदलला.
माश्यांवरही संशय घेऊन झाला.
झाडांकडे कुणी पाहिलं नाही:
पानं फुटली होती, पानांत पाणी,
आणि आपण हवेत सोडलेलं ते पाणी पिऊन टाकत होतं.
ऐन मधाच्या दिवसांत,
सांगण्यासारखं असतं तेव्हाच
अबोला.

झाडं तोडायची का, असं मी म्हटलं नाही.
नुसतं वर पाहिलं.
बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी कुदळ मागितली.

दोन दिवस चर. वीतभर माती, खाली दगडच दगड.
काळ्या नळीतून तार ओवली,
साउनाच्या वळचणीला पांढरी डबी बसवली,
तोंड पेट्यांकडे.
घरात एक भट्टीच्या अल्याड, एक पल्याड.
बाबा चराच्या काठावर बसले, पाठ चोळत.
'बिनतारी व्हायला
एवढी तार लागते?'
लागते.

रात्री, म्हणजे अजून उजेड होता,
त्यांनी तीन नंबरच्या पेटीचं वजन मोठ्यानं वाचलं,
मग पुन्हा वाचलं, नातवंडाचं वाचावं तसं.
ओट्ट टेबलावर, पावाला टेकून उभा,
मिशी वाढवलेली, हलणारा, अख्खा.
आम्ही सगळे एकदम बोलत होतो.
तो आईला काहीतरी हळू म्हणाला.
'थांब हं,' ती म्हणाली,
हात पुसले, फोन उचलला.
जिन्याचं दार लोटल्याचा आवाज आला.

'अजून तिथेच चांगलं लागतं वाटतं,' बाबा म्हणाले.

माझ्या हातातल्या फोनवर चार कांड्या होत्या.
हो, म्हटलं.