हात कुठे संपतो

फॉर्मच्या चौथ्या पानावर माणसाचं चित्र आहे,
एक पुढून, एक मागून.
चेहरा नाही. हातांना बोटं नाहीत, नुसते गोळे.
जिथे दुखतं तिथे फुली मारा.

अझेमिना बारा वर्षांची. घरातलं इंग्रजी म्हणजे तीच.
समोर फिक्रेत, उजवा हात उशीवर ठेवून,
जणू पाहुण्यांचं तान्हं मूल
घटकाभर सांभाळायला दिलंय.
मेव्लिदा कॉफी उकळतेय.
खिडकीबाहेर आयोवाचा बर्फ,
त्यातून वर आलेले कापल्या मक्याचे खुंट.

अपघात कसा झाला? तीन ओळींत लिहा.

शनिवारची जादा पाळी.
साखळीचा वेग वाढवलेला, डुकरामागून डुक्कर,
फासळ्यांची करवत,
आणि शेजारची बाई शिंकली.
"शिंक लिहू का, बाबो?"
"झालं ते लिही."
तिनं लिहिलं. मग खोडलं.
शिंकेला कुणी पैसे देईल असं तिला वाटेना.

अंगठी लॉकरमध्ये होती, नियमाप्रमाणे.
ती वाचली.

विमा कंपनीचा हाल्वरसन फोनवर बरा बोलतो.
आधी थंडीची चौकशी करतो, मग तक्ता वाचतो:
अंगठा साठ आठवडे, तर्जनी पस्तीस,
मध्यमा तीस, अनामिका पंचवीस, करंगळी वीस.
अनामिका. जिला कुणी नावसुद्धा ठेवलं नाही
तिचाही दर ठरलेला.
दुखणं वर चढलं असेल तर हिशेब निराळा, म्हणतो,
मनगटापर्यंत एकशे नव्वद,
मनगटाच्या वर गेलं तर अडीचशे.
"तर वडिलांचं नेमकं काय? मनगटाच्या खालचं की वरचं?"

अझेमिना फोनवर तळवा ठेवते, बापाला विचारते,
आणि अडखळते.
त्यांच्या भाषेत दोन्हीला शब्द एकच. रुका.
खांद्यापासून नखापर्यंत सगळी रुका.

माझ्याही भाषेत सगळा हातच.
हातावर पोट आहे म्हणतो आपण,
तो हात मनगटापर्यंतचा की खांद्यापर्यंतचा
हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

फिक्रेत म्हणतो, "सांग त्याला, रुका दुखते."
ती सांगते, "हात."
पलीकडे टाइप केल्याचा आवाज.
साठ आठवडे त्या एका शब्दात गेले
हे तिला कळलं सतराव्या वर्षी,
वकिलाच्या बाकावर, दुसऱ्या कुणाची तरी वाट बघताना.

डॉक्टरनं बिजागरीची पट्टी लावून कोन मोजले.
वाकवा. अजून. दुखलं की थांबा.
फिक्रेत थांबलाच नाही,
त्याला वाटलं परीक्षा आहे, पास व्हायचंय.
कागदावर आलं: यापुढे सुधारणा संभवत नाही.
याचा अर्थ, बरा झाला.

वेढ्यातल्या तीन हिवाळ्यांत
पाण्याच्या रांगेत उभा राहून
दहाच्या दहा बोटं घेऊन आला होता हा माणूस.
ते कुठल्या रकान्यात लिहायचं?
फॉर्ममध्ये 'आधीचे आजार' आहेत,
आधीचं नशीब नाही.

रात्री दुखते ती करंगळी.
नसलेली. तीच सगळ्यात जास्त.
अझेमिनानं नीट विचार करून
गोळ्याच्या बाहेर, कोऱ्या कागदावर फुली मारली,
बरोबर जिथे करंगळी असायला हवी तिथे.

अकरा दिवसांनी फॉर्म परत आला.
पिवळी चिठ्ठी: फुली शरीराच्या आत असावी.

मेव्लिदा म्हणाली, मार कुठेतरी, संपव.
पण पोरीनं पेन्सिलीला टोक केलं
आणि आधी बोटंच काढली,
पुढच्या माणसाला दहा, मागच्याला दहा,
पेरं, सांधे, सगळं.
नखं काढायला लागली तेव्हा
फिक्रेत वाकून बघत होता.
"बारीक कापलेली काढ," म्हणाला.
"लांब असली तर पाळीवर घेत नाहीत."