चिखलाचा घाम

ओहोटीला माहुलच्या खाडीत
आई मांडीभर चिखलात उतरायची,
बिळात कोपरापर्यंत हात,
आणि बाहेर यायची निवटी,
डोळे डोक्यावर, रागावलेली.
मी सात वर्षांची, टोपली धरून:
ह्या येतात कुठून?
"कुठशी म्हंजे?
चिखलाला घाम फुटला का निवट्या व्हतान."

श्रावणात दामातात्या पोथी सांगायचा.
जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज,
चार खाणी, चौऱ्यांशी लक्ष योनी.
स्वेदज म्हणजे घामातून झालेले,
उवा, पिसवा, ढेकूण.
"आन् निवट्या?" आईनं मागून विचारलं.
तात्यानं पान उलटलं, पुन्हा मागं आणलं.
निवट्या नव्हत्या.
"लिवनारा आपल्या खाडीवर आला नसंल,"
म्हणाली, आणि प्रसादाची केळी कापायला बसली.

पुढे चेंबूरच्या कॉलेजात
मी प्रयोगशाळेत लागले.
बरण्या पुसायच्या, बेडूक मोजून द्यायचे,
खांबेटे बाईंचा तास दाराशी उभं राहून ऐकायचा.
बाई म्हणाल्या, परदेशात एकानं
मांसाच्या काही बरण्या उघड्या ठेवल्या,
काहींवर कापड बांधलं.
कापडाखाली अळी झाली नाही.
मुलांनी लिहून घेतलं.
मला हसू आवरेना.
आमच्या अंगणात सुकटीवर
मच्छरदाणीचा तुकडा कायमचाच.
माशी बसली नाही की अळी नाही,
हे कळायला आईला बरणी लागली नव्हती.
निवटी मात्र चिखलाचीच.
एका डोक्यात दोन्ही, शेजारी शेजारी,
नळावर भांडण नाही.

आणखी एका तासाला:
अडीच हजार वर्षांपूर्वी, लांबच्या कुठल्या बंदरात
कुणी म्हणाला, माणसाचं पोर
इतके दिवस दुसऱ्याच्या हातानं जगतं,
पहिलंवहिलं उघड्यावर तगलंच नसतं.
तेव्हा माणसं आधी माशांच्या पोटात वाढली असणार,
हातपाय धड झाल्यावर किनाऱ्याला लागली.
पुरावा काही नाही.
त्यानं एका तान्ह्या पोराकडे
नीट पाहिलं होतं, एवढंच.
मला तिवराच्या फांदीची झोळी दिसली,
फाटक्या जाळ्याची.
आत मी,
खाली चिखलात वाकलेली आई.

रात्री तिला सांगितलं.
ती बोंबलाचा काटा ओढत होती.
"मंग त्यो मावरं खायचा का नाय?"
दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं.
त्यांनाही सांगता येईना.

कॉलेजच्या प्रदर्शनाला बाईंना जिवंत निवटी हवी होती.
मी आणली, दुधाच्या किटलीतून, दोन बस बदलून.
टेबलावर, ओल्या फडक्यावर
ती पुढच्या दोन परांवर उठली,
रांगत्या मुलासारखी कोपरं रेटत
काठापर्यंत गेली, थांबली.
डोळे आत ओढले, पुन्हा वर काढले.
पन्नास पोरं गप्प.
नोंदवहीत रकाना होता, 'कुठून मिळाली'.
मी लिहिलं: माहुल, चिखल.
बाईंनी 'चिखल'पाशी लाल पेन आणलं,
मग टोपण लावलं.

आता खाडीवर तेलाचा तवंग,
आईचे गुडघे गेलेले.
मीच उतरते कधी रविवारी,
मूठभर मिळतात.
किती बारक्या झाल्या गं ह्या, मी म्हटलं.
"व्हनारच. मोठ्या मोठ्या आपुन खाल्ल्या.
बारक्या हातातशी सुटल्या,
त्यांचीच पोरं ही.
पोरं आयशीवानीच व्हनार."

मी टोपली खाली ठेवली.
पोरं?
आणि मग चिखलाचा घाम?

ती निवट्या राखेत घोळवत राहिली,
एक निसटली, तिनं न बघता पकडली.
"त्यो पयल्या निवटीला," म्हणाली.
"बाकीच्या मंग आपल्या आपुन."