जागच्या जागी

कुताइसीत, ऑटो कारखान्याच्या मागं,
बंद पडलेल्या शाळेचा व्यायामाचा हॉल आहे.
मंगळवार, शुक्रवार. सहा ते सात.
आम्ही नऊ जण. सगळ्यांना फिट येतात
हे दारावर लिहिलेलं नाही.
दारावर लिहिलंय : बूट पुसून या.

लामारा एके काळी बारवर गिरक्या घ्यायची.
आता गुडघ्याला पट्टा, आणि शिट्टी नाही,
शिट्टीनं आम्ही दचकतो, म्हणून टाळी.
चढायचे दोर तिनं छताशी गुंडाळून टाकले,
लुकलुकणारी ट्यूब स्वतः शिडीवर चढून उतरवली,
आणि पहिल्याच दिवशी म्हणाली,
"पडायचं असेल तर गादीवर पडा.
नसेल, तर पाय उचला."

इतक्या वर्षांत मला कुणी पाय उचल म्हणालं नव्हतं.
बस, म्हणायचे. टेक. नको. राहू दे.
मी सतरा वर्षांची असताना
आईनं न्हाणीघराची कडी काढून टाकली.
एकेचाळिशीतही दाराला स्क्रूची चार भोकं,
आणि भोकांपलीकडून तिचा प्रश्न :
एतेरी, आहेस ना?
आहे.

कोपऱ्यात एक सायकल, कुठंही न जाणारी.
तिच्यावर ओटिया बसतो.
सव्वीस वर्षं सात नंबरची मिनीबस चालवली त्यानं.
मग एका दुपारी पुलावर
डोळे उघडे ठेवूनच तो कुठंतरी निघून गेला,
अकरा सेकंद.
बस कठड्याला घासली. कुणाला काही झालं नाही.
लायसन्स गेलं.
आता पॅडल मारत तो थांबे पुकारतो,
"बाजार! पांढरा पूल! पुढं सरका, पुढं जागा आहे!"
पिकरिया, वय एकोणीस, दोरीशिवाय दोरीच्या उड्या मारता मारता विचारते,
"बालाखवानीला थांबणार का?"
"थांबणार. सुट्टे काढून ठेव."

दर चार आठवड्यांनी फॉर्म.
मागच्या आठवड्यात पडण्याची भीती किती वेळा वाटली?
शून्य ते चार. गोल करा.
मी चारला गोल करायचे, कागद फाटेपर्यंत.
झोप लागली का? कुणाशी बोललात?
ओटियानं लिहिलं : प्रवाशांशी.

नवव्या आठवड्यात, शुक्रवारी,
बाजूला वाकताना तोंडात तांब्याच्या नाण्याची चव आली.
ती चव मी ओळखते. हात वर केला.
पुढचं मला नंतर सांगितलं गेलं :
पिकरियानं स्वेटर काढून डोक्याखाली दिला,
लामारानं मला कुशीवर वळवलं आणि घड्याळ धरलं.
कुणी चमचा शोधला नाही, क्रूस काढला नाही.
बाकीचे चालत राहिले, जागच्या जागी, हळू,
कारण ती म्हणाली होती, थांबू नका.
एक मिनिट चाळीस सेकंद.

जाग आली तेव्हा जीभ सुजलेली,
कपडे ओले, ओलीवर कुणाचा तरी कोट,
आणि सायकलवरून आवाज :
"दोन थांबे झोपलीस, एतेरी. निकेया रस्ता मागं गेला.
परतीच्या फेरीत उतरवतो."
मी हसले. तोंडात रक्त असताना
आयुष्यात पहिल्यांदा.

बारा आठवडे संपले.
आकड्या तेवढ्याच, महिन्याला दोन, कधी तीन.
डॉक्टरनं आकडे पाहिले, खांदे उडवले.
मी भीतीच्या ओळीपाशी अडले. दोनला गोल केला.
मग खोडून तीनला. खरं ते लिहावं.

संध्याकाळी चार मजले चढले,
तिसऱ्यापर्यंत कठडा न धरता.
शॉवरखाली उभी राहिले.
एतेरी, आहेस ना?
"पांढऱ्या पुलावर आहे, आई!
पुढं सरक, पुढं जागा आहे!"

बाहेर बराच वेळ काहीच नाही. नुसतं पाणी.
मग आईचा आवाज, बसमध्ये नव्यानं चढलेल्या
परक्या बाईसारखा :
"तिकीट किती?"