अचूकता : चौदा मीटर

सकाळी साडेसातला द्वारकेच्या पुलाखाली
ठेकेदाराचा माणूस कॅमेरे वाटतो,
सही घेतो, बॅटरी बघतो, आणि रोजचंच सांगतो :
फोटोत माणूस नको. फक्त मिळकत.
दार दिसलं पाहिजे, मजले मोजता आले पाहिजेत,
आणि आधी थोडा वेळ आभाळाकडे धरा,
उपग्रह सापडू द्या त्याला.

तर मी गल्लीच्या तोंडाशी
कॅमेरा डोक्यावर धरून उभा राहतो,
रामकुंडावर कावळ्याची वाट बघणाऱ्यासारखा.
पोरं विचारतात, काका, कोण येतंय?
सात आलेत, मी म्हणतो. आठवा आला की सुरू करू.

नासर्डीच्या काठाची वस्ती.
एकाची भिंत ती दुसऱ्याची पाठ.
नकाशावर इथे नुसता राखाडी डाग आहे.
मी काही घाबरण्यासारखा माणूस नाही,
पण गळ्यातलं ओळखपत्र आहे.
"घरपट्टी वाढणार का हो?"
"मला फक्त फोटो काढायला सांगितलंय."
हे मी दिवसातून ऐंशी वेळा म्हणतो
आणि ऐंशी वेळा ते खरं असतं,
थोडंसं.

एकोणचाळीस नंबर.
निळं दार, पत्र्यावर दुधी भोपळ्याचा वेल,
दाराशेजारी पाटी : पिको-फॉल करून मिळेल.
मंदाकिनी निरभवणे बाहेर आल्या,
माझ्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं,
आणि एक शब्द न बोलता
पाटी खिळ्यावरून उतरवून पदराखाली घेऊन आत गेल्या.
आतलं मशीन थांबलं.
कुणीतरी चाकावर हात ठेवला असावा.

राहिला तो खिळा
आणि त्याखाली भिंतीचा एक चौकोन, दोन फूट बाय एक,
जितकी वर्षं पाटी होती
तितकी वर्षं ऊन न लागलेला.

मी फोटो काढला.
खाली पिवळ्या अक्षरांत उमटलं :
अक्षांश, रेखांश, तारीख, नऊ वाजून बारा मिनिटं,
दिशा आग्नेय, अचूकता चौदा मीटर.

रकाना विचारतो : निवासी, अनिवासी, की मिश्र?

कुठलं घर मिश्र नसतं?
पाथर्डी फाट्याच्या आमच्या खोलीत
बायको लग्नाच्या अक्षता पुड्यांत भरते, शेकडा वीस रुपये.
त्याच पलंगावर आम्ही झोपतो
आणि सकाळी पाठीला तांदूळ चिकटलेले असतात.

मी 'निवासी'वर बोट ठेवलं.

दुपारी दोनला फोन.
"अहो, तुमचं एकोणचाळीस नंबर नदीत पडलंय."
ऑफिसातल्या पडद्यावर
निळं दार, वेल, पत्रा, खिळा, सगळं
नासर्डीच्या मधोमध टाचणीसारखं उभं होतं.
चौदा मीटरांनी घात केला.
पुन्हा जा. पुन्हा काढा.

संध्याकाळी गेलो तर पाटी परत जागेवर.
दोरीवर कुणाची तरी मोरपंखी साडी, फॉल लागलेली,
आणि उंबऱ्यात निरभवणेबाई, मांडीवर दुसरी.
या वेळी त्या उठल्या नाहीत.
दाताने दोरा तोडला.
"सकाळचा नीट नाही आला?"
"घर नदीत गेलं."
"ते तर दर दोन-तीन पावसाळ्यांनी जातंच," त्या म्हणाल्या,
"तेव्हा नाही कुणी आलं फोटो काढायला."

मी कॅमेरा डोक्यावर धरला.
चार आले. पाच. मग बराच वेळ कुणीच नाही.
त्या हेम घालत होत्या, टाक्यापुढे टाका,
बारीक, आणि न बघता.
मग एकदम अकरा. अचूकता तीन मीटर.

तीन मीटर म्हणजे किती
ते मी पहिल्यांदाच पावलांनी मोजून पाहिलं :
मशीनपासून उंबऱ्यापर्यंत,
उंबऱ्यापासून मी उभा होतो तिथवर.
चौकटीत दार होतं, पाटी होती, त्या होत्या.
फोटोत माणूस नको, असं त्यांना सांगायला हवं होतं.
त्या हलल्या नाहीत.
मीही सांगितलं नाही.