उणे एकोणीस

एर्झुरुम. उणे एकोणीस. जुन्या तोरोसचा काटा
अर्धा तास झाला तरी तळाशीच पेंगतोय.
हीटरमधून येतो तो नुसता वारा.
शेजारचा नाहित म्हणतो, पंप गेला, विकून टाक.

सेव्जान हातमोजा काढते,
वरच्या होजवर तळवा टेकते.
गाडी चालू करून दोन मिनिटंही नाहीत
आणि होज कोमट.
इतक्या लवकर नको होता.
झडप मिटलेली असती
तर पाणी अजून इंजिनातच घोटाळलं असतं.
म्हणजे थर्मोस्टॅट. उघडाच अडकलाय.

दहाचा पाना, दोन बोल्ट,
हिरवं पाणी परातीत.
झाकण निघतं.

आत काहीच नाही.

मग डॅशबोर्डच्या कप्प्यात, टोलच्या पावत्यांखाली,
वर्तमानपत्राची पुडी. त्यावर बाबांचं अक्षर:
कोप घाट, ऑगस्ट, उकळली.
त्यानंतरचे अकरा हिवाळे
ते रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून हिंडले,
आईच्या मांडीवर घोंगडी,
आणि "जुनी गाडी, चालायचंच."

स्टोव्हवर पातेलं.
दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर.
साठ. सत्तर. ऐंशी.
नाहितही वाकून बघतो, चष्म्यावर वाफ.
त्र्याऐंशीला पितळ जरासं
ओठ विलग करतं.
बाहेर काढल्यावर, सावकाश, मिटतं.

चांगला आहे.
तेव्हाही चांगलाच असणार.

सेव्जान पुडीच्याच कागदावर
गॅस्केटचा आकार गिरवते, बाबांचं अक्षर सोडून.
"मग घाटात उकळली कशानं?"

"पंप," नाहित म्हणतो.