मोजदाद

तीस वर्षं मी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावर पाणी मोजलं.
सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा.
पट्टीवरचा आकडा वहीत, वही निफाडला,
निफाडहून पुढे कुठे जायची, विचारलं नाही.
पाण्यात काय असतं, असा रकानाच नव्हता.

निवृत्तीनंतरही पाय इकडेच वळतात.
चापडगावच्या शाळेतल्या वैजयंती बाईंनी
हातात दुसरी वही दिली : नाना, हेही मोजा.
शेकाट्या, चक्रवाक, चित्रबलाक,
तलवार बदक शेपटीवरून ओळखायचं.
पहिल्या दिवशी बाभळीवरचे चाळीस बगळे लिहिले.
पाचवीतली एक पोर दुर्बिणीतून बघून म्हणाली,
नाना, त्या पिशव्या आहेत.

नाशिक आमच्याकडे असं येतं, पाण्यातून :
साबणाचा फेस, सुकल्या माळा,
शॅम्पूच्या पुड्या, देवाच्या फुटक्या तसबिरी.
वाटेत द्राक्षबागांची औषधं मिसळतात.
आणि या सगळ्यावर पोसते
ती हिरवी, गुबगुबीत, जांभळ्या फुलांची.
साहेब तिला जलपर्णी म्हणतात, आम्ही पानवेली.
तिच्याखाली पाण्याला श्वास घेता येत नाही.

वैशाखातल्या रविवारी ती काढायचं ठरलं.
दौलत गाजरेचा ट्रॅक्टर, डिझेल वर्गणीचं.
मुनाफ पंक्चरवाल्याने अकरा ट्यूबा फुगवून दिल्या.
वनखात्याचे दोघे, बुटांसकट काठावर.
आणि बोलावलं नव्हतं तरी आला उखाजी बर्डे.

उखाजीचं जाळं खात्याने सात वर्षांपूर्वी उचललं.
जाळं कोठारात, पावती त्याच्या खिशात,
घामाने इतकी मऊ झालीय की उलगडली तर फाटेल.
तो कुणाशी बोलला नाही.
ट्यूबवर पालथा पडला आणि हाताने वल्हवत
जिथे आमचे दात्रं पोचत नव्हते तिथे गेला.

दुपारपर्यंत चौदा ट्रॉल्या.
काठावर कुजका वास, पोरांच्या पिंढऱ्यांना जळवा,
कडूबाईची भाकरी, ठेचा, आणि
खात्याच्या माणसाने शेवटी काढलेले बूट.

मग उखाजी ओरडला, थांबा.
आम्हाला वाटलं, साप.
त्याने एका झुबक्यावरचं ओलं शेवाळ
बोटाने इतकंसं बाजूला केलं :
टिबुकलीची चार अंडी.
पाण्याने डागून तपकिरी झालेली.
उठताना ती झाकून जाते, तो म्हणाला,
दार लोटल्यासारखं.
मग त्यानेच परत झाकली.

इथे भांडण झालं.
गाजरे म्हणाला, एवढा तुकडा ठेवला
तर महिन्यात पुन्हा सगळं भरेल.
खोटं नव्हतं ते.
वैजयंती बाई काही बोलल्या नाहीत.
खात्याचा माणूस नियम आठवत होता.
उखाजीने खिशातून सुतळी काढली,
चार बाभळीचे खुंट ठोकले,
आणि तो झुबका, अंगणाएवढा,
सैल बांधून टाकला.
सुतळी जाळ्याचीच होती. कुणी विचारलं नाही.

रात्री मी जुन्या कार्यालयात फोन केला.
बुधवारी आवर्तन सुटणार होतं.
पट्टीवर दीड फूट चढेल, ते म्हणाले.
तीस वर्षांत पहिल्यांदा
त्या दीड फुटाने माझी झोप मोडली.
पहाटे उखाजीच्या दारात गेलो.
तो दात घासत होता. थुंकून म्हणाला,
नाना, तुमची पट्टी रोवलेली असती.
घरटं तरंगतं.
पाणी चढंल तसं तेही चढंल.
म्हणून तर सैल बांधलं.

गुरुवार. सकाळी सहा.
पट्टी : चार फूट सात इंच.
शेकाट्या बावीस, टिबुकली एक, बसलेली.
अंडी दिसत नाहीत.
रकान्यात काय लिहावं ते सुचेना,
लिहिलं : झाकलेली.