दंत्य

कोळशाची पूड, ऑलिव्हचं तेल, मऊ ब्रश.
जीभ बाहेर काढा, औमा, सेल्मा म्हणते.
मग्रीता कूपर, वय चौऱ्याऐंशी, काढते,
पण डोळे ब्रशवर रोखून.

गोखासला नदी आहे, म्हणजे वाळू आहे.
पत्र्याच्या खोलीतला पंखा बंद,
कारण मायक्रोफोनला पंख्याचंही
व्यंजनच ऐकू येतं.

वहीत चार रकाने:
दंत्य, वर्त्स्य, तालव्य, पार्श्विक.
चारही आवाज आत ओढलेले,
चोखलेले, आणि मग सोडलेले.

आपण हळहळताना जिभेनं जे च्‌ च्‌ करतो
आणि बाराखडीत कुठेच बसवत नाही,
ते इथे आगीचं पहिलं अक्षर.
बैल हाकताना गालाच्या कडेनं सुटतं,
ते पाण्याचं.
बाटलीचं बूच उडावं तसं वाजतं,
ते हाताचं.

आग म्हणा. एकदाच. गिळू नका.
मग्रीता म्हणते आणि आ करते.
सेल्मा आरसा आत सरकवते, टॉर्च धरते,
दातांमागे काळा ठसा शोधते.
सापडतो.
गुलाबी प्लास्टिकवर.

मारिएंतालच्या दवाखान्यातली कवळी.
मग्रीता ती काढून सेल्माच्या तळहातावर ठेवते:
फोटो कशाला काढतेस? हीच घेऊन जा.

आता रकान्याचं नाव दंत्य,
आणि दात सेल्माच्या हातात, ओले,
त्यांच्यावर एका शब्दाचा कोळसा.
पेन्सिल थोडा वेळ हवेतच राहते.

कवळीशिवाय म्हणाल?
मग्रीता म्हणते. हिरडीवरून,
जरा पसरट, जरा लाळ घेऊन.
जिभेला हाड नसतं,
पण तिला आपली जागा ठाऊक असते.
सेल्मा मान हलवते, खात्री नाही,
आणि पुन्हा म्हणायला लावते. आणि पुन्हा.

दाराशी बसलेली नात डोर्तिया
सकाळपासून हेच ऐकत होती.
वैतागून उठते
आणि काडेपेटी आणून आजीच्या मांडीवर टाकते.

सेल्मा हसते. रकान्यात बरोबरची खूण करते.
खाली बारीक अक्षरात लिहिते: दात नाहीत. कळलं.

मग मग्रीता, तोंडात सगळा कोळसा,
गालाच्या कडेनं पाणी मागते.

छान, सेल्मा म्हणते, पार्श्विक.
अजून एकदा.